अवधान आणि व्यवधान : रसविघ्नांच्या निमित्ताने काही विचार

१

'अवधान' आणि 'व्यवधान' हे दोन्ही शब्द एकाच धातूचे. पण मराठीत त्यांचे संसार वेगळे झाले. अवधान म्हणजे चित्त एका ठिकाणी ठेवणे. व्यवधान म्हणजे संस्कृतात मध्ये येणारा पडदा, आडोसा. मराठीने या दुसऱ्या शब्दाला एक घरगुती अर्थ जोडला. ज्याच्या डोक्यावर दहा कामे आहेत आणि दहा माणसांची काळजी आहे, त्याच्यामागे 'व्यवधाने फार' असतात, असे आपण म्हणतो. अडथळा हाच संसाराचा नेहमीचा उद्योग आहे, हे भाषेने फार पूर्वी ओळखलेले दिसते.

आजच्या वाङ्मयीन मेळाव्यांतून एक गाऱ्हाणे हमखास ऐकू येते : लोकांचे लक्ष उरलेले नाही. वाचक दोन पाने वाचतो आणि हातातल्या पडद्याकडे वळतो. प्रेक्षक नाट्यगृहात बसतो, पण नाटकात बसत नाही. विद्यार्थ्याला कवितेपेक्षा कवितेचा सारांश हवा असतो. हे गाऱ्हाणे मांडणारे वक्ते आपले भाषण संपले की व्यासपीठावर बसून, पुढच्या वक्त्याचे भाषण चालू असताना, मांडीवर ठेवलेल्या पडद्याकडे पाहू लागतात. त्यामुळे गाऱ्हाणे निराधार आहे, असे निदान म्हणता येत नाही. शासकीय मराठीत या यंत्राला 'भ्रमणध्वनी' म्हणतात. त्यात ध्वनीचे भ्रमण आता गौण झाले असून चित्ताचे भ्रमण हे मुख्य कार्य झाले आहे, एवढी दुरुस्ती परिभाषेच्या पुढील आवृत्तीत करण्यास हरकत नसावी.

मात्र गाऱ्हाणे खरे असले तरी ते नवे नाही. हरि नारायण आपट्यांनी १८९० साली जे साप्ताहिक काढले त्याचे नाव 'करमणूक' होते. या 'करमणुकी'तून क्रमशः प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या सर्वांत गंभीर कादंबरीचे नाव 'पण लक्षात कोण घेतो?' असे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मराठी गद्याने आपली सर्वांत मोठी तक्रार लक्षाविषयी केली, आणि ती करमणुकीच्या दारात उभे राहून केली. करमणूक आणि लक्ष या दोन गोष्टी परस्परांच्या वैरी आहेत, असे आपट्यांना वाटत नव्हते. वाचकाला करमणुकीच्या नावाने बोलवावे आणि त्याच्याकडून लक्ष घ्यावे, असा तो व्यवहार होता. तो व्यवहार आज कुठे बिघडला, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

प्रश्न मांडताना एक सावधगिरी हवी. 'एकाग्रता चांगली, चंचलता वाईट' अशी शाळेच्या भिंतीवर लिहिण्याजोगी नीती समीक्षेच्या उपयोगाची नाही. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात चित्ताच्या पाच भूमी सांगितल्या आहेत : क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र आणि निरुद्ध. यांतील 'विक्षिप्त' हे पूर्ण अधःपतन नव्हे. जे चित्त बहुतेक काळ अस्थिर असते, पण मधूनच स्थिर होते, ते विक्षिप्त. आणि म्हणून ते 'क्षिप्ता'पेक्षा एक पायरी वर. आजच्या वाचकाला या शास्त्रीय अर्थाने विक्षिप्त म्हटले तर ती थोडी स्तुतीच ठरेल. साहित्याचा आणि रंगभूमीचा व्यवहार पूर्वीपासून याच विक्षिप्त चित्ताशी चालत आला आहे. एकाग्र चित्त आयते मिळाले असते, तर कलेला एवढे उपाय योजावे लागले नसते.

हे उपाय कोणते, याचा सर्वांत नेमका विचार आपल्याकडे अभिनवगुप्ताने केला आहे.

२

दहाव्या-अकराव्या शतकातल्या या काश्मिरी आचार्याने नाट्यशास्त्रावरील 'अभिनवभारती'त रसाचे स्वरूप सांगताना 'वीतविघ्ना प्रतीती' ही कल्पना मांडली. विघ्ने दूर झालेली प्रतीती म्हणजे रसप्रतीती. विघ्ने सात. मराठीत के. ना. वाटवे यांचा 'रसविमर्श' (१९४२), ग. त्र्यं. देशपांडे यांचे 'भारतीय साहित्यशास्त्र' (१९५८) आणि र. पं. कंगले यांचा 'रस-भावविचार' (१९७३) या ग्रंथांमुळे रसचर्चा अभ्यासकांच्या परिचयाची झाली आहे. पण वर्गात या विघ्नांची गत बहुधा परीक्षेतल्या टीपेपुरतीच होते. विद्यार्थी ती पाठ करतो आणि परीक्षेनंतर विघ्ने दूर झाल्याच्या आनंदात विसरतो.

पहिले विघ्न संभावनाविरहाचे : जे दाखवले जाते ते घडू शकते असे न वाटणे. दुसरे, देशकालविशेषाच्या आवेशाचे : 'हे सुखदुःख माझे' किंवा 'हे त्या अमक्याचे' अशा व्यक्तिगत बंधनात प्रतीती अडकणे. तिसरे, निजसुखादिविवशीभाव : प्रेक्षक आपल्याच घरच्या सुखदुःखाने व्यापलेला असणे. चौथे आणि पाचवे, प्रतीतीच्या साधनांची उणीव आणि स्फुटतेचा अभाव. सहावे, अप्रधानता : मुख्य काय आणि आनुषंगिक काय, याचा गोंधळ. सातवे, संशय : डोळ्यांतले पाणी आनंदाचे, शोकाचे की नेत्ररोगाचे, याचा निर्णय न होणे.

या यादीत प्रेक्षकाचा उपमर्द कोठेही नाही. प्रेक्षक घरची चिंता घेऊन नाट्यगृहात येतो, हे अभिनवगुप्ताने गृहीत धरले आहे. त्याबद्दल त्याला दोष दिलेला नाही. जबाबदारी कलेवर टाकली आहे. प्रत्येक विघ्नावर उपाय आहे आणि तो नाट्यप्रयोगाच्या रचनेतच आहे. दुसऱ्या विघ्नासाठी पूर्वरंग, प्रस्तावना, मुकुट आणि वेषभूषा. यांच्यामुळे नट हा अमका गृहस्थ आहे ही जाणीव झाकली जाते. तिसऱ्यासाठी वाद्ये, गायन, शृंगारलेला मंडप, कलानिपुण गणिका; घरच्या विवंचनेत बुडालेला माणूस यांच्यामुळे हळूहळू मोकळा होतो आणि ज्याला हृदय नाही असे वाटत होते तोही सहृदय होतो. चौथ्या-पाचव्यासाठी अभिनय, लोकधर्मी, वृत्ती आणि प्रवृत्ती. सहाव्यासाठी स्थायी भावाचे प्राधान्य. सातव्यासाठी विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांचा संयोग. कारण सुटे अश्रू संशय निर्माण करतात, संदर्भातले अश्रू करीत नाहीत.

आजच्या माध्यमसंस्कृतीचा विचार करताना या व्यवस्थेचा मला असा उपयोग दिसतो. आपण समजतो की नव्या माध्यमांनी नवी विघ्ने निर्माण केली. वस्तुस्थिती थोडी निराळी आहे. नव्या माध्यमांनी विघ्नांवरचे जुने उपायच उचलले आणि ज्यासाठी ते उपाय होते ती गोष्ट मागे सोडली. औषधाचे अनुपान तेवढे ठेवून औषध काढून टाकावे, तसे. अनुपान मधाचे असल्यामुळे रोग्याची तक्रार नाही.

३

हे विधान तपासण्यासाठी मुंबईच्या उपनगरातले मढ सोयीचे आहे. मालाडच्या पश्चिमेस, समुद्र आणि खाडी यांच्या मधल्या या गावाला बेट म्हणण्याचा प्रघात आहे. वर्सोव्याहून होडीने खाडी ओलांडायला काही मिनिटे पुरतात. रस्त्याने जायचे तर मालाड–मार्वे असा लांबचा वळसा. येथे कोळीवाडा आहे, पोर्तुगीजांनी बांधलेला आणि १७३९ साली मराठ्यांनी घेतलेला किल्ला आहे, शेजारच्या एरंगळला सोळाव्या शतकातले चर्च आहे. यांखेरीज येथे बंगले आहेत, आणि त्यांतले अनेक राहण्यापेक्षा चित्रीकरणासाठी अधिक वापरले जातात. चित्रपटांनी किल्ल्याची तटबंदी वापरली. हिंदी-मराठी दैनंदिन मालिकांनी बंगल्यांचे दिवाणखाने वापरले. महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत रात्री जेवणाच्या वेळी जी घरे दिसतात, त्यांतली बरीच या किनाऱ्यावर आहेत.

मराठीतला दैनंदिन मालिकेचा उद्योग खाजगी वाहिन्यांबरोबर वाढला. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झाले. 'अल्फा मराठी' १९९९ साली आली आणि पुढील दशकात इतर वाहिन्यांची भर पडली. आठवड्याला एकदा भेटणारी पात्रे रोज भेटू लागली. रोजच्या भेटीचा प्रेक्षक कोण? तो स्वयंपाक करीत असतो, मुलाचा अभ्यास घेत असतो, जेवत असतो, आणि गेल्या काही वर्षांत हातातल्या दुसऱ्या पडद्याकडे पाहत असतो. रेमंड विल्यम्स यांनी १९७४ साली दूरचित्रवाणीचे वर्णन सुट्या कार्यक्रमांची मालिका असे न करता अखंड प्रवाह असे केले. त्या प्रवाहाच्या काठी भांडी घासणारा प्रेक्षक आपल्या मालिकालेखकांनी फार चांगला ओळखला आहे. म्हणून पात्र जे करते ते बोलूनही दाखवते. महत्त्वाच्या वाक्यानंतर कॅमेरा घरातल्या प्रत्येक सदस्याच्या चेहऱ्यावर क्रमाने जातो. पार्श्वसंगीत आतल्या खोलीतल्या माणसाला 'आता या' म्हणून हाक मारते. जाहिरातीनंतर थोडे मागचे पुन्हा दाखवले जाते. हे तंत्र हास्यास्पद ठरवणे सोपे आहे. पण पाचव्या विघ्नाचे, स्फुटत्वाभावाचे, इतके कर्तव्यदक्ष निवारण संस्कृत नाटककारांनीही केले नसेल.

अडचण तिसऱ्या विघ्नापाशी सुरू होते. घरच्या विवंचनेतून प्रेक्षकाला बाहेर काढण्यासाठी नटवलेला मंडप आणि संगीत हवे, असे अभिनवगुप्त म्हणतो. मढच्या दिवाणखान्यात मंडप आहे : झुंबर, दुहेरी जिना, प्रत्येक प्रसंगाला पैठणी, सणावारांची रोषणाई. पण हे सर्व प्रेक्षकाला कोणीकडे नेण्यासाठी आहे, असे विचारले तर उत्तर मिळत नाही. मंडपातून पुढे जायला दारच नाही. गणेशोत्सव येतो, मंगळागौर येते, लग्न महिनाभर चालते. सजावट ही कथेची पूर्वतयारी राहत नाही, तीच कथा होते. उपायाचे साध्यात रूपांतर झाले की त्याला अंत राहत नाही, कारण उपाय केव्हा थांबवायचा हे साध्यावरून ठरत असते. दैनंदिन मालिका संपत नाहीत, याचे व्यावसायिक कारण दर आठवड्याच्या प्रेक्षकसंख्येच्या आकड्यांत आहे. काव्यशास्त्रीय कारण येथे आहे.

दुसऱ्या विघ्नाची कथा याहून बोलकी आहे. मुकुट नटाला झाकण्यासाठी होता. आज नटी आईच्या मृत्यूचा प्रसंग चित्रित करते आणि त्याच साडीत, त्याच जिन्यावर, विरामाच्या वेळात सहकाऱ्यांबरोबर एखाद्या गाण्यावर नाचून ती चित्रफीत प्रसृत करते. रात्री प्रेक्षकाच्या एका पडद्यावर शोक असतो आणि दुसऱ्यावर नाच. त्यात जिना ओळखीचा : तो गेल्या वर्षी दुसऱ्या वाहिनीवर दुसऱ्या घराण्याचा होता आणि तेथेही त्यावरून कोणीतरी पडले होते. नटीचा यात दोष नाही. अशा चित्रफिती हा आता तिच्या कामाचाच भाग समजला जातो. लक्षात घ्यायचे ते एवढेच, की जे झाकणे हा पूर्वरंगाचा हेतू होता, ते उघडे करणे हाच आता कार्यक्रम झाला आहे. प्रेक्षकाला पात्राच्या शोकापेक्षा नटीचे कुशल अधिक जवळचे वाटते. आपुलकी वाढली, साधारणीकरण गेले.

४

मालिकेत निदान कथा आहे. तिसऱ्या पिढीतल्या पात्राला पहिल्या पिढीतल्या पात्राचे नाव आठवत नसले तरी आडनाव कायम राहते. मोबाइलच्या पडद्यावर वर सरकत जाणाऱ्या मजकुरात तेही नाही. भारतात २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आल्यानंतर इंटरनेट स्वस्त झाले. २०२० च्या जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने आपल्याकडे 'रील' सुरू केले. या दोन तारखांच्या मधल्या काळात मराठी प्रेक्षकाच्या अवधानाचे एकक बदलले. नाटकाचे एकक अंक होते, मालिकेचे भाग. येथे काही सेकंद.

या काही सेकंदांत काय घडते, हे सांगण्यासाठी मला भरताच्या भावव्यवस्थेइतकी चोख परिभाषा अन्यत्र आढळत नाही. भरताने आठ स्थायी आणि तेहतीस व्यभिचारी भाव सांगितले. व्यभिचारी म्हणजे येणारे-जाणारे. स्थायीच्या अनुषंगाने उमटणारे आणि विरणारे. संध्याकाळी अर्धा तास या पडद्यावर बोट फिरवणाऱ्या सुशिक्षित माणसाच्या मनात क्रमाने काय येऊन जाते ते पाहावे : मित्राच्या परदेशवारीने असूया, मांजराच्या पिलाने हर्ष, अमक्या जातीविषयी कोणी केलेल्या विधानाने अमर्ष, आपल्या शहराच्या जुन्या छायाचित्राने स्मृती, कोणत्या तरी आजाराच्या लक्षणांनी शंका, अपघाताच्या दृश्याने त्रास, पुढे काय आहे याचे औत्सुक्य, आणि अखेर निद्रा. ही निद्राही भरताच्या यादीत व्यभिचारी भावच आहे. अर्ध्या तासात आठ संचारी आणि एकही स्थायी नाही. हे अप्रधानतेचे सहावे विघ्न, तेही शुद्ध स्वरूपात. मिरवणूक मोठी निघाली आहे. पालखीत मात्र देव नाही.

या माणसाला काही वाटत नाही, तो बधिर झाला आहे, असे म्हणण्याचा प्रघात आहे. तो मला चुकीचा वाटतो. त्याला फार वाटते; वाटलेले टिकत नाही. रस हा स्थायी भावाचा होतो, म्हणजे जो भाव इतर भावांना आपल्यात सामावून घेण्याइतका वेळ टिकतो त्याचा. अमर्ष तासभर टिकला, त्याला विभावांचा आधार मिळाला, तर त्याच्या मुळाशी असलेला क्रोध उमगण्याची शक्यता असते आणि त्या क्रोधाची लाजही वाटू शकते. सात सेकंदांच्या अमर्षाला लाजही वाटत नाही. म्हणून या पडद्यावरची करुणा सुंदर असली तरी निरुपयोगी आणि द्वेष उथळ असला तरी धोकादायक असतो. करुणेला कृतीपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. द्वेषाला लागत नाही; तो पुढे पाठवला की काम झाले.

सातव्या विघ्नाविषयी येथे एकच गोष्ट सांगतो. अभिनवगुप्ताच्या मते सुटा अनुभाव संशय निर्माण करतो. संदर्भापासून तोडलेली रडणारी बाई हा आजचा सर्वांत लोकप्रिय अनुभाव आहे. ती कोठली, केव्हाची, कशासाठी रडते आहे, हे कोणालाच ठाऊक नसते. परंतु संशयाने प्रतीती थांबते हे शास्त्र येथे खोटे पडते. संशय असतानाही, किंबहुना त्यामुळेच, प्रतीती वेगाने पसरते. विघ्न हेच वाहन झाले आहे.

न. चिं. केळकरांनी १९२१ साली बडोद्याच्या साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून काव्यानंदाची उपपत्ती 'सविकल्प समाधी' या शब्दांत मांडली. वाचक पात्राशी एकरूप होतो आणि तरीही स्वतःला विसरत नाही. या दुहेरी स्थितीत आनंद आहे, असा तिचा आशय. या उपपत्तीवर पुढे पुष्कळ आक्षेप घेतले गेले आणि अभ्यासक्रमात ती आता ऐतिहासिक महत्त्वापुरती उरली आहे. आजच्या प्रेक्षकाकडे पाहताना मात्र तिचे निदानमूल्य जाणवते. केळकरांना समाधी गृहीत होती. त्यांनी तिला विकल्पाची जोड दिली. आपल्या काळात विकल्प मुबलक आहेत, ते बोटाशी हजर आहेत, त्यांतला पुढचा कोणता हे यंत्रच सुचवते. समाधीपुरती तेवढी गैरसोय आहे.

५

येथे एक आक्षेप येऊ शकतो, आणि तो गंभीर आहे. वीतविघ्न प्रतीतीची ही कल्पना नागर, अभिजन रसिकाची नाही काय? महाराष्ट्राच्या लोकरंगभूमीने असे अवधान कधी मागितले होते? सिंधुदुर्गातल्या जत्रेत दशावतारी नाटक रात्री उशिरा सुरू होते आणि पहाटेपर्यंत चालते. प्रेक्षक मध्ये उठतो, खाजे घेऊन येतो, ओळखीच्याशी बोलतो, मूल मांडीवर झोपवतो, स्वतःही डुलकी घेतो. तमाशातला सोंगाड्या तर प्रेक्षकाच्या अस्थिर लक्षावरच उभा असतो. मग मालिका पाहताना भाजी निवडणाऱ्या गृहिणीलाच तेवढे विक्षिप्त का म्हणावे? वॉल्टर बेंजामिन यांनी १९३० च्या दशकात चित्रपटाविषयी लिहिताना विचलित अवस्थेतल्या ग्रहणालाही एक प्रतिष्ठा दिली होती. माणसे इमारतीकडे टक लावून पाहत नाहीत, तिच्यात वावरतात, आणि तरीही ती इमारत त्यांची होते, असे त्यांचे म्हणणे.

आक्षेपाचा पहिला भाग मान्य करावा लागतो : सलग टक लावणे म्हणजे अवधान, ही व्याख्या अपुरी आहे. पण दशावताराचे उदाहरण शेवटपर्यंत नेले तर ते आक्षेपाच्या विरुद्ध जाते. दशावतारालाही पूर्वरंग आहे. आडदशावतारात गणपती, सरस्वती, भटजी आणि संकासुर येऊन गेल्याशिवाय आख्यान लागत नाही. आणि प्रेक्षक डुलकी घेऊन उठतो तेव्हा आख्यान त्याला सोडून दुसरीकडे गेलेले नसते. ते पुराणातले, त्याच्या ओळखीचे असते. राजा संकटात असतो आणि पहाटेपर्यंत त्यातून सुटणार असतो. तो रूपबंध प्रेक्षकाला हरवू देतो आणि परतही घेतो. त्याला मी विराम म्हणेन. विक्षेप निराळा. विक्षेपात परत येण्यासाठी काही उरत नाही, कारण ज्यापासून आपण विचलित झालो ते काय होते हेच आठवत नाही. सरकत्या पडद्यावर तर ते पुन्हा सापडतही नाही.

हाच फरक 'करमणुकी'च्या उदाहरणातही दिसतो. आपट्यांची कादंबरी क्रमशः येत होती. म्हणजे तिचे वाचन सक्तीने खंडित होते. एक हप्ता वाचून झाला की पुढच्या अंकापर्यंत वाचकाच्या हाती काहीच नसे. त्या रिकाम्या दिवसांत यमूचे काय होणार, हा प्रश्न त्याच्या स्वयंपाकघरात आणि ओसरीवर वावरत असणार. तिच्यासारखी मुलगी घरातच असल्याचे त्याच्या लक्षात येण्याचा संभव त्याच दिवसांत होता. कादंबरीच्या नावातल्या प्रश्नाला उत्तर मिळायचे ते वाचतानाइतकेच दोन अंकांच्या मधल्या काळात. आज एक भाग संपताच पुढचा आपोआप सुरू होतो. खंड नाहीसा झाला म्हणून अवधान अखंड झाले, असे मात्र घडले नाही, उलट घडले. माझ्या मते या साऱ्या विवेचनाचा गाभा येथे आहे. आपण गमावली आहे ती एकाग्रता नव्हे. ती आपल्यापाशी कधीच फारशी नव्हती. आपण मधला अवकाश गमावला आहे, आणि अवधान त्या अवकाशात रुजत असते.

मढचे कोळी हे तत्त्व काव्यशास्त्राशिवाय जाणतात. या किनाऱ्यावरची डोल ही खुंटांना बांधून प्रवाहाच्या तोंडाशी उभी केलेली पिशवीसारखी जाळी. मासळीचा पाठलाग करावा लागत नाही. भरती-ओहोटीच्या ओढीबरोबर बोंबील, जवळा आपणच आत येतात. पण ओढ मंदावण्याची वेळ साधून जाळे उचलावे लागते. सारे कौशल्य थांबण्यात आणि उचलण्याच्या त्या वेळेत आहे. प्रवाह कधीच थांबला नाही, तर जाळे उचलताच येणार नाही. पडद्यावरचा प्रवाह नेमका असा, भरती-ओहोटी नसलेला आहे. आपण त्यात जाळे लावून बसलो आहोत अशी आपली समजूत असते. येणाऱ्या जाहिरातींचा नेम पाहता जाळे दुसऱ्याचे आहे, आणि आपण आत आहोत, असे मानण्यास अधिक आधार मिळतो.

६

यात समीक्षेचे काम कोणते? २०१९ साली नाशिकच्या कालिदास कलामंदिरात प्रेक्षागृहातले मोबाइल वाजत राहिल्यामुळे सुमीत राघवन यांनी 'नॉक नॉक सेलिब्रिटी' या नाटकाचा प्रयोग मध्येच थांबवला. त्याच सुमारास सुबोध भावे यांनी, असेच चालणार असेल तर नाटकात काम करणे थांबवावे, असा उद्वेग जाहीरपणे व्यक्त केला. पुढे चर्चा नाट्यगृहांत जॅमर बसवण्यापर्यंत गेली. नटांचा उद्वेग न्याय्य होता. परंतु जॅमर हा विघ्ननिवारणाचा जो उपाय सुचवला गेला, त्याचा अर्थ समीक्षेने पाहायला हवा. भरतापासून जे काम पूर्वरंग, संगीत आणि अभिनय यांच्याकडे होते, ते आता विद्युतयंत्राकडे सोपवावे, अशी ती सूचना होती. ध्वनी अडवता येईल. निजसुखादिविवशीभाव अडवणारा जॅमर अद्याप बाजारात आलेला नाही.

याउलट एक उदाहरण आपल्या परंपरेत आहे, आणि ते आपण वर्गात दरवर्षी शिकवतो. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे केवळ अवधान मागतात आणि मोबदल्यात सर्व सुखाला पात्र होण्याचे आश्वासन देतात. लगेच ते सावरून घेतात : हे मी प्रौढीने बोलत नाही, जाणत्यांच्या सभेत केलेली ही लडिवाळ विनंती आहे. शके १२१२ मधली ही मागणी अभ्यासकांनी नम्रतेचा नमुना म्हणून वाखाणली आहे. मला तिच्यातली सौदेबाजी अधिक महत्त्वाची वाटते. आठ अध्याय सांगून झाल्यावर, पुढचा विषय गहन आहे हे जाणून, वक्ता थांबतो आणि श्रोत्यांशी करार करतो. अवधान ही घेण्याची वस्तू नव्हे, देण्याची वस्तू आहे, असे मानले तरच ती मागता येते. मराठी आजही लक्ष 'देते'. आजच्या माध्यमांनी मागणेच बंद केले आहे. ती आपले लक्ष न मागता नेतात, आणि जे मागितलेच नाही त्याच्या मोबदल्याचा प्रश्न उद्भवत नाही.

म्हणून समीक्षेने वाचकाला चंचल म्हणून रागावण्याचे सोडून द्यावे. विरार लोकलमध्ये उभ्याने दीड तास काढणाऱ्या माणसाने त्या दीड तासात पडद्यावर काय पाहावे, हे ठरवण्याचा अधिकार आम्हां वेतनधारी प्राध्यापकांना नाही. समीक्षेने प्रश्न कृतीला विचारावेत. ही कृती आपले अवधान मागते की हिसकावते? तिच्यातली सजावट कोठे तरी नेते की सजावटीतच फिरवते? तिच्यातले संचारी कोणत्या स्थायीचे आहेत? आणि ती आपल्याला मध्ये सोडते का? हे प्रश्न मालिकेला जसे विचारता येतील तसेच पुरस्कारप्राप्त कादंबरीलाही विचारता येतील. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच मराठी कादंबऱ्या दर दोन पानांनी नवा धक्का देतात आणि त्या धक्क्यांना 'प्रयोगशीलता' म्हणण्याची सोय समीक्षेने करून दिली आहे. सरकत्या पडद्याची लय पुस्तकात शिरली तर तिला प्रयोग म्हणावे की सवय, हे ठरवण्याचे काम अन्य कोणी करणार नाही.

हेच प्रश्न समीक्षेने स्वतःलाही विचारणे बरे. एखाद्या पुस्तकाला पाचपैकी साडेतीन तारे देऊन मोकळी होणारी समीक्षा आणि तीस अवतरणांचे झुंबर टांगून मूळ कृतीपर्यंत न पोहोचणारी समीक्षा, या दोघींनाही तिसऱ्या विघ्नाचा उपायच तेवढा ठाऊक आहे. पहिलीचा मंडप स्वस्त, दुसरीचा विद्यापीठीय अनुदानातून उभारलेला. दार दोन्हींना नाही. समीक्षेचे नियतकालिक अद्याप तीन-तीन महिन्यांनी निघते, ही त्यातल्या त्यात दिलाशाची गोष्ट. एका अंकातला वाद पुढच्या अंकापर्यंत थांबतो, आणि मधल्या नव्वद दिवसांत आपले मत बदलण्याची सोय वाचकाला आणि लेखकालाही राहते. अवधानाला लागणारा अवकाश अद्याप शिल्लक असलेल्या मोजक्या जागांपैकी ही एक आहे. ती उशिराच्या नावाने हिणवली जाते, तेव्हा तिने फार ओशाळू नये.